बसलेल्या मामी

नव्वदच्या दशकात मी शिरूरजवळच्या एका कारखान्यात यंत्रांच्या भागांचे नकाशे ट्रेस करायचे. दिवसभर पट्टी धरून सरळ रेघा. माणूस काढता यावा असं मात्र फार वाटायचं. म्हणून रविवारी सकाळची एसटी धरून दौंडला जायला लागले, रेल्वेतून रिटायर झालेल्या एका पेंटरमामांकडं. डब्यांवर अक्षरं आणि नंबर रंगवण्यात त्यांची नोकरी गेली होती; पण घरी सॉफ्ट पेस्टलच्या खडूंनी त्यांनी काढलेली माणसं बघून मी त्यांच्याकडंच शिकायचं ठरवलं. आता हात थरथरायचा, म्हणून ते स्वतः काढत नव्हते.

समोर स्टुलावर मामी बसायच्या. तरुणपणापासून शेतात राबलेली बाई. मी चेहऱ्यापासून सुरुवात करायचे. नाक, डोळे जमायचे, पण कागदावर मामी तरंगायच्या. तपकिरी खडूनं अंग रंगवलं की मातीचा पुतळा दिसायचा. गालाखालचा जांभळा, कोपराजवळचा हिरवट रंग बघायला मामांनी शिकवलं. खडूचा तुकडा आडवा धरून आधी सावल्या भरायच्या, रेघ शेवटी. ते सगळं केलं, तरी मामी काही बसेनात.

एका रविवारी मामी माहेरी, राहू गावाला गेल्या होत्या. मला वाटलं, आज सुट्टी. मामांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं.

"ती बसती तशी बस. हलायचं न्हाई."

वीस मिनिटांत मांडीला मुंग्या आल्या. सगळा भार एका खुब्यावर आला, हात आपोआप गुडघ्यावर रेटला गेला, खांदा वर चढला. तासाभरानं उठताना मला भिंत धरावी लागली. ही बाई दर रविवारी असं बसत होती आणि एकदाही कण्हली नव्हती.

मामा एवढंच म्हणाले, "माणूस टेकलाय कुठं, ते आधी बघायचं. तोंड मागनं."

पुढच्या रविवारी मी मामींच्या चेहऱ्याकडं पाहिलंच नाही. खुबा, रेटलेला हात आणि चढलेला खांदा जांभळ्या खडूनं दाबून भरला. झाल्यावर मामी उठून आल्या. त्यांनी कागदाकडं वाकून पाहिलं.

"ह्यात माझी कंबर दुखतीया," त्या म्हणाल्या.

मामांनी चित्रावर बटर पेपर घातला, दोन्ही हातांनी ते जपून उचललं आणि आपल्या चित्रांच्या फाइलीत ठेवून दिलं. मी ते परत मागितलं नाही.