काचेचं कपाट आणि हलकी घंटा

लोकांची घरं हलवणं हा मामांचा धंदा. तिसऱ्या मजल्यावरून पियानो उतरवतानाही शीळ घालणारा माणूस! गल्ली त्यांना 'बुलडोझर' म्हणे आणि ते खुशाल ओ देत. जुन्या गावच्या चर्चमध्ये ते सगळ्यात जड घंटा वाजवायचे. तिथे दोर ओढणं म्हणजे विहिरीतून म्हैस वर काढणं. इथल्या चर्चच्या घंटा मात्र हलक्याफुलक्या. पहिल्यांदा पाहून मामा म्हणाले, "या वाजवायच्या की खिशात घालायच्या?"

घंटेने ते ऐकलं असावं. ती फिरून तोंड वर करून थांबते, तिथे तिला अडवायला एक लाकडी टेकू असतो. मामांच्या पहिल्याच हिसक्याला टेकू कडाड्कन मोडला, दोर सुसाट वर गेला आणि दोर न सोडल्यामुळे मामाही वर गेले. उतरले ते थेट बुडावर.

घंटावाल्यांचे म्होरके घड्याळजी. बोलणं सगळं नाकातून. "हळ्ळूं, मामां, हळ्ळूं! घंटा आहें ती, चिखलांत रुतलेला ट्रक नाहीं!" दुसरा टेकू मोडला तेव्हा त्यांनी निकालच दिला, "उद्यां शेवटची संधी. पुन्हा मोडलांत, तर भाचीच्यां लग्नात बाकावर बसून टाळ्यां वाजवा."

मामांचा चेहरा पडला. हीच भाची लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून म्हणाली होती, "माझ्या लग्नात घंटा तूच वाजवायची हं, मामा!" आणि मामांनी शब्द दिला होता.

"अहो, सुतक लागल्यासारखे काय बसलात?" रात्री जेवताना मामी म्हणाली. "परवा डॉक्टरीणबाईंचं काचेचं कपाट हलवलंत, ओरखडा नाही उठला. तेव्हा बुलडोझर कुठे चरायला गेला होता?"

"अगं, काचेशी जोर करतात होय? ती कुठे कलतेय ते हाताला कळतं. आपण नुसतं तिच्या मागे जायचं."

"मग?"

मामांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बूट काढले, दोर नुसत्या बोटांत धरला आणि घंटा स्वतःहून वळेपर्यंत वाट पाहिली. टिण्ण! पुन्हा टिण्ण! घड्याळजींनी डोळे मिटून ऐकलं. "हंऽ." त्यांच्या नाकातून याहून मोठं कौतुक आजवर बाहेर पडलेलं नाही.

लग्नात सगळं लोण्यासारखं चाललं होतं. इतक्यात नवरी चर्चच्या दारातून बाहेर आली आणि मान वर करून तिने घंटाघराच्या खिडकीकडे हात हलवला. मामांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, हाताचा हिसका बसला, आणि कडाड्! यावेळी त्यांनी दोर तेवढा वेळेवर सोडला.

बाकीच्या घंटा वाजतच राहिल्या. मामांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "वाजवली गं बयो!"

"ऐकली रे मामा!" खालून भाची ओरडली.

घड्याळजींनी आपला दोर न सोडता, मोडक्या टेकूकडे न बघता, नाक ओढलं. "हळ्ळूं," ते म्हणाले, पण फारच हळू.