पाण्यावरची साय

आमच्या भागात बहुतेक कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. माझं खरं काम नेमकं त्याच दिवशी. चाकणच्या ज्या औषध कंपनीत मी संशोधन करते, तिच्या शेजारी पत्र्याचे पार्ट बनतात. तिथला पत्रा दाबणारा प्रेस आपटला की माझ्या पसरट भांड्यातलं पाणी थरथरतं, आणि त्या पाण्यावर औषधाचा जेमतेम एका रेणूच्या जाडीचा थर असतो. म्हणून शेजारी सुट्टीवर आणि मी कामावर.

त्या थरावर इन्फ्रारेड किरण सोडायचा. परतणाऱ्या किरणात काय कमी झालं, त्यावरून रेणू दाटीनं उभे आहेत की विस्कटलेत ते कळतं. माणसाच्या श्वासातली वाफसुद्धा घोळ घालते, म्हणून झाकण लावून बाहेर बसून राहायचं. आलेख बिघडला की पुन्हा पहिल्यापासून. खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा वीट आला आहे.

बाबा भोसरीच्या फाउंड्रीतून रिटायर झाले. ओतकामाच्या वाळूच्या धुळीनं छाती कामातून गेली आहे. चऱ्होलीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की ते जिन्यातच बसतात. एकदा मी बोलून गेले, की दुधावर साय येते तसा असाच एक थर फुफ्फुसाच्या आत असतो, त्यामुळे ते मिटून चिकटत नाही. झालं! तेव्हापासून दर गुरुवारी घरात पाऊल टाकलं की, "झालं का गं माय, औषध?"

"होतंय, बाबा," म्हणून मी वेळ मारून नेत होते. औषध होतं दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी. बाबांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आणि ते मात्र डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप कपाटात ठेवून सगळ्यांना सांगत होते, पोरीचं औषध येतंय.

गेल्या गुरुवारी शेजाऱ्यांनी ओव्हरटाइम काढला. दिवसभर प्रेस धडधडत होता, एक आलेख धड आला नाही. दारातच बाबांनी विचारलं आणि माझा तोल गेला.

"ते तुमच्यासाठी नाहीच आहे! बाळांसाठी आहे. तुम्ही पंप घ्या ना!"

ते दाराला टेकले.

"मंग तू सुट्टीच्या दिवशी येवढी मरमर कशाला करतीस?"

"पगारासाठी," मी चिडून म्हणाले.

"व्हय," ते शांतपणे म्हणाले. "मी बी भट्टीपुढं त्याच्यासाठीच हुबा ऱ्हायलो."

मला रडू आलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आण तो पंप."