तोंडावरचं तेल आणि दुकानाची गादी

माझ्या चेहऱ्याला तेल सुटतं. सकाळी तोंड धुऊन दुकानात यावं, तर बोहणी होईपर्यंत नाक, कपाळ, हनुवटी चकाकायला लागतात. हा काही गुन्हा नाही. पण केजच्या आमच्या साड्यांच्या दुकानात तो गुन्हा ठरवायचा प्रयत्न झाला, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मला सगळं टिपून ठेवायची सवय आहे, तेव्हा आधी उपायांचं सांगते. बेसन लावून झालं. मुलतानी माती झाली. लिंबू चोळलं, गालांची आग झाली. पावडर लावली, ती घामातेलात भिजून पिठल्यासारखी जमली. मग बोअरच्या जड पाण्यानं आणि साबणानं येता-जाता तोंड धुवायला लागले. कातडी ताणल्यासारखी व्हायची आणि तेल उलट दुप्पट यायचं. शेवटी अंबाजोगाईच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी ताळ्यावर आणलं. दोनदाच धुवा, हा साबण बंद, वर हलकं जेल लावा, आणि तेल आलं की घासून पुसू नका, नुसतं टिपा. तेव्हापासून जुन्या मलमली धोतराचे रुमालाएवढे तुकडे धुऊन, घड्या घालून मी एका डब्यात ठेवते. सकाळचे वेगळे, दुपारचे वेगळे, संध्याकाळचे वेगळे. तेल थांबत नाही, पण आटोक्यात राहतं. मला तेवढं पुरतं.

दुकानात सोबत बसणाऱ्या माझ्या दिराला पुरत नव्हतं. आमच्या घरात सकाळची पूजा झाली की सगळ्यांनी कपाळाला विभूती लावायची. त्याचे पट्टे संध्याकाळपर्यंत कोरडे, माझे दुपारच्या आत ओघळलेले. तो गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा, "वैनी, इभूत वघळली बघा. तुमच्या तोंडावर तर पापड तळून निघतेल!" गिऱ्हाइकं हसायची. माझे मालक, म्हणजे माझा नवरा, बिलबुकात बघायचे. स्वतः दीर डोक्याला आवळ्याचं तेल असं थापून यायचा की कानामागून ओघळ यायचा. त्याच्या तेलाला थंडावा म्हणायचं आणि माझ्या तेलाला घाण, हा न्याय कुठला ते मला कुणी सांगितलं नाही.

लग्नसराईत गादीवर पुढे मी बसते. कारण नवरीच्या साडीचा पदर डोक्यावरून घेऊन दाखवावा लागतो. पुरुष खांद्यावर टाकून दाखवतात, त्यानं बायकांचं समाधान होत नाही. ते काम माझं, ती जागा माझी. लग्न होऊन आल्यापासून मी ती सांभाळली आहे.

मागच्या उन्हाळ्यात युसूफ वडगावच्या एक बाई मुलीच्या लग्नाचा शालू घ्यायला आल्या. मी फळीवरचा मोतिया शालू काढला. घडी उघडली, तर पदरावर ताटलीएवढा तेलकट डाग.

दीर लगेच पुढे सरसावला. "बघा, मी म्हनत नव्हतो? तोंडाचं तेल लागलं साडीला. वैनी, आसल्या तोंडानं कावून पुढं बसता? उद्यापासनं तुमी माघं बसा, फॉल-पिकोचं बघा. गादीवर मी बसतो."

मी मालकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जाऊ दे ना आता. गिऱ्हाईक हाय समोर."

काय जाऊ दे? शालू आलेला होता तसा फळीवर होता, मी तो त्या दिवशी पहिल्यांदा उलगडत होते. मी डाग नाकाशी नेला. आवळ्याच्या तेलाचा वास भप्पकन आला.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. दुपारी जेवणानंतर शटर अर्धं ओढून दीर गादीवर लवंडतो. कधी लोड टणक लागला की वर एखादी घडीची साडी उशाला घेतो. प्लॅस्टिकची पिशवी मानेला चिकटते, म्हणून ती काढून ठेवतो. उठला की घडी पुन्हा पिशवीत, पिशवी फळीवर. हे मी स्वतः पाहिलं होतं आणि त्यावरून बोललेही होते. "मऊ लागतंय वैनी, तुमचं काय जातंय?" असं उत्तर मिळालं होतं.

मी लोड ओढून पुढे आणला. त्याच्या पांढऱ्या अभ्र्यावर तसाच गोल, पिवळट डाग होता. शालूचा पदर त्याच्या शेजारी पसरला आणि त्या बाईंना म्हटलं, "ताई, तुम्हीच बघा. वास घ्या."

त्यांनी वाकून वास घेतला आणि तोंडाला पदर लावला. "अगं बया! हे तर गड्याच्या डोस्क्याचं हाय की! बाईचा गाल कुठं येवढा आस्तो?"

"गर्मी लई व्हती," दीर म्हणाला. "जरासा पडलो व्हतो."

"पडा की," मी म्हटलं, "पन माझं तोंड उशाला घेऊन पडू नका."

बाई हसत सुटल्या. मग म्हणाल्या, "दुसरा दाखवा ताई. आन् तुमीच डोक्यावरून घिऊन दाखवा, ह्यास्नी न्हाई जमायचं."

मी दाखवला. त्यांनी घेतला.

दिरानं चूक झाली असं म्हटलं नाही. मालकांनीही त्याला काही विचारलं नाही. रात्री ताटावर एवढंच म्हणाले, "समद्यांसमोर लोड कशाला वढायचा?" माझ्या तोंडाचा विषय सगळ्यांसमोर निघायचा तेव्हा हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, हे मी त्यांना तिथंच ऐकवलं. मोतिया शालू धुवायला पाठवला. डाग गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन मी दुकान उघडलं. लोडाला धुतलेला अभ्रा घातला, मलमलीचा डबा नेहमीच्या जागी ठेवला आणि गादीच्या मधोमध बसले. दीर आला, घुटमळला, आणि बाजूच्या स्टुलावर जाऊन टेकला. उन्हं वर आली तसं माझं तोंड चकाकायला लागलं. त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत मी ते टिपलं नाही.