रिकाम्या जागेतली वांगी

माझं माहेर आंजीचं, शेतकऱ्याचं. सासर पुलगावचं, किराणा आणि धान्याच्या दुकानाचं. उंदीर दोन्हीकडे आहेत, पण त्यांच्याशी वागायची रीत अगदी वेगळी. माहेरी उंदीर दिसला की बाबा चप्पल शोधतात. सासरी उंदीर दिसला की मामाजी, म्हणजे माझे सासरे, हात जोडतात. गणपतीचं वाहन आहे, त्याला धक्का लागता कामा नये, असा आमच्या घरचा नियम आहे. वाहनाने वर्षभर गोण्या फाडायच्या आणि मालकाने भाद्रपदात येऊन वर मोदक खायचे, अशी ही व्यवस्था आहे आणि तिच्याविरुद्ध बोललेलं आमच्या घरात चालत नाही.

आमच्या घरामागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत थोडी मोकळी जागा आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे मोडकी खाट, तेलाची रिकामी पिंपं आणि एक गंजलेला तराजू एवढंच पीक होतं. मी ते उपटून काढलं. बाकीच्या सुना माहेराहून साड्या आणतात, मी गोणीभर शेणखत आणलं. त्या दिवसापासून सासरच्यांनी माझ्याकडून फारशा अपेक्षा ठेवल्या नाहीत, आणि ते दोन्ही बाजूंना सोयीचंच झालं. वांगी, टमाटे, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, भिंतीवर वालाचा वेल, असं एकेक करत बाग उभी राहिली. या सगळ्या घरात मी निवडलेली आणि मी लावलेली अशी तेवढीच एक गोष्ट होती. मामाजी मात्र तिला 'मांगची रिकामी जागा' म्हणत. समोर टमाटे लाल होऊन लोंबत असले तरी जागा रिकामी ती रिकामीच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातल्या एका रात्री जेवताना मामाजी म्हणाले, "मांगच्या रिकाम्या जागेवर टिनाचं शेड टाकून घेऊ. तुरीचा माल ठेवाले गोदाम पुरून नाई राह्यलं."

"मामाजी, तिथं माही बाग हाय ना," मी म्हटलं.

त्यांनी खरोखर आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. माझा नवरा त्या वेळी वरणात पोळी कुस्करत होता. ते काम इतकं नाजूक की मान वर करायलाही त्याला फुरसत झाली नाही. लग्नाआधी याच माणसाने मला 'तू म्हणशील तसं' असं बऱ्याचदा सांगितलं होतं.

मामाजी जन्माचे व्यापारी. गोणी घ्यायची की नाही हे ते मूठभर नमुना पाहून ठरवतात. त्यांनी माझ्या बागेचाही नमुना मागितला. आमच्या घरात चातुर्मासात वांगं बंद असतं. ते सुटतं चंपाषष्ठीला, भरीत आणि रोडग्यांच्या जेवणाने. "यंदाचं चंपाषष्ठीचं भरीत तुह्या वांग्याचं होऊ दे," ते म्हणाले. "घरातल्या साऱ्याईले पुरलं तर जागा तुही. नाई पुरलं तर टिनवाल्याले बोलावतो."

मी हो म्हटलं. शेतकऱ्याची पोरगी आहे, चार वांगी काढायला काय लागतं, असा माझा तोरा होता. रोपंही जोमाने आली. दसऱ्याच्या सुमाराला भरताची चांगली थोराड वांगी धरली, आणि ती धरल्याची बातमी माझ्याआधी उंदरांना लागली.

उंदीर वांगं कसं खातो हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. वरून पाहावं तर वांगं अखंड, तुकतुकीत. हात लावावा तर खालचा भाग गायब आणि हातात नुसती टोपी. बरं, एक धरलं तर ते संपवावं, तेही नाही. मुली बघत फिरणाऱ्या पाहुण्यांसारखे ते प्रत्येक झाडाशी थांबत, चव घेत आणि 'कळवतो' म्हणून पुढच्या झाडाकडे जात. टमाट्यांचं तेच, वालाचं तेच. वाफ्यांत बिळं पडली आणि मेथी मुळासकट खाली गेली.

मग उपाय सुरू झाले. शेजारच्या काकूंनी डांबरगोळ्या टाकायला सांगितल्या. उंदरांनी त्या बिळाबाहेर आणून ठेवल्या, बहुधा माझ्या विसरून राहिल्या असाव्यात म्हणून. मिरचीपूड टाकली, ती वाऱ्याने माझ्याच डोळ्यांत गेली. नवऱ्याला कधी नव्हे तो माझा कळवळा आला आणि त्याने ऑनलाइन एक यंत्र मागवलं. प्लगमध्ये लावलं की त्यातून माणसांना ऐकू न येणारा आणि उंदरांना सहन न होणारा आवाज निघतो म्हणे. आमच्याकडच्या उंदरांनी तो काही दिवस ऐकला आणि मग वायर कुरतडली. आंजीला फोन केला तर बाबा म्हणाले, "एवढं काय त्यात? पिठात औषध कालव अन् गोळ्या टाक." मी म्हटलं, इथे चालत नाही. त्यावर त्यांनी मला ते तीनदा परत सांगायला लावलं. आपण पोरगी कुठल्या घरात दिली, याचा ते बहुधा पहिल्यांदाच गंभीरपणे विचार करत होते.

शेवटी राहिला पिंजरा. उंदीर पकडायचा, दूर नेऊन सोडायचा, कोणाच्या धर्माला बाधा नाही. खोबऱ्याचा तुकडा लावला आणि दुसऱ्याच सकाळी एक धट्टाकट्टा उंदीर आत बसलेला मिळाला. त्याचं शेपूट अर्धं तुटलेलं होतं, म्हणून मी त्याला बांड्या म्हणायला लागले.

आता याला सोडायचं कुठं? गावाबाहेर सगळी शेतं. तुरी, कपाशी, चणा. शेतकऱ्याच्या पोरीने पिंजरा नेऊन कोणाच्या तरी शेतात उघडायचा, हे माझ्याच्याने होईना. मग डोक्यात आलं, धान्य बाजाराच्या मागच्या नाल्यावर सोडावा. तिथे त्याच्या पोटाची सोय होईल आणि व्यापाऱ्यांना उंदरांची सवय असतेच. मी पिंजरा पिशवीत घातला, स्कुटीला अडकवला आणि बांड्याला नाल्याकाठी निरोप दिला. एक भूतदयेचं काम हातून घडलं म्हणून त्या दिवशी मी स्वतःवर बरीच खूश होते.

आठवडाभराने तो परत पिंजऱ्यात. तेच अर्धं शेपूट, तोच मग्रूर चेहरा, फक्त थोडा सुटलेला. मी पुन्हा नेऊन सोडला. तो पुन्हा आला. बाजारापासून आमचं घर चांगलंच लांब आहे, मध्ये रस्ता, कुत्री, गाड्या. एवढं सगळं ओलांडून हा जीव माझ्या वांग्यांसाठी चालत येतो याचं मला संताप यायच्या जागी कौतुक वाटायला लागलं होतं. माझ्या हातच्या भाजीची एवढी ओढ घरात दुसऱ्या कोणाला कधीच वाटली नव्हती.

चंपाषष्ठी जवळ आली तशी माझी झोप उडाली. झाडांवर धड अशी मोजकीच वांगी उरली होती. मी त्यांना जुन्या ओढणीचे तुकडे गुंडाळले, सकाळ-संध्याकाळ जाऊन चाचपून पाहायची. ती वांगी गेली तर बाग गेली, आणि बाग गेली तर या घरात माझं म्हणावं असं काय राहतं, हे मला कोणाला सांगता येत नव्हतं. त्यात एका सकाळी पिंजऱ्यात दुसराच एक उंदीर सापडला. मी चरफडत त्याला घेऊन बाजारामागे गेले, सोडला आणि रिकामा पिंजरा हातात घेऊन वळले, तर समोर, बाजाराच्याच रांगेत असलेल्या आमच्या दुकानाचं मागचं दार उघडलं.

मामाजी बाहेर आले. त्यांच्या हातात पिंजरा होता आणि पिंजऱ्यात बांड्या.

त्यांनी मला पाहिलं नाही. पिंजरा स्कूटरवर पायांशी ठेवला, त्यावर मायेने एक पोतं टाकलं आणि निघाले. मी मागे निघाले. स्कूटर बाजारातून निघाली, रस्ता ओलांडून आमच्या घराकडे वळली आणि घराच्या पुढच्या दाराशी न थांबता मागच्या गल्लीत शिरली. आमच्या कंपाउंडच्या भिंतीला तिथे सांडपाण्यासाठी एक भोक आहे. मामाजी त्या भोकासमोर उकिडवे बसले, पिंजऱ्याचं तोंड भोकाला लावलं आणि दार उघडलं. "जा बाबा," ते म्हणाले, "सुखानं खा."

बांड्या ओळखीच्या घरात शिरावं तसा आत गेला. तो कधीच चालत आला नव्हता. एका बाजूने मी त्याला सोडायला जात होते, दुसऱ्या बाजूने मामाजी आणून पोचवत होते. घरातल्या माणसांचीसुद्धा एवढी ने-आण आमच्याकडे होत नाही.

"मामाजी, हे काय करून राह्यले तुम्ही?" मी विचारलं.

ते दचकले, पण लाजले नाहीत. लाजण्यासारखं काही त्यांच्या मनातच नव्हतं. "दुकानातले हायेत," ते म्हणाले. "बाजारात सोडले तं दुसऱ्याच्या गोण्या फाडते. वावरात सोडले तं कास्तकाराचं नुकसान. म्हणून इथं आणून सोडतो. इथं कोणाचं काय जाते? रिकामीच तं जागा हाय."

बाजारातला प्रत्येक व्यापारी त्यांना आठवला, गावाबाहेरचा प्रत्येक शेतकरी आठवला. भिंतीच्या पलीकडे सून आहे हे आठवलं नाही. मला खूप राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. मी तशीच घरी आले आणि भांडी घासायला घेतली. त्या दिवशी भांड्यांचा आवाज मागच्या गल्लीपर्यंत गेला असेल.

रात्री जेवताना मामाजींनी स्वतःच विषय काढला. वांगी काही पुरण्यासारखी दिसत नाहीत, असं त्यांच्या कानावर आलं होतं. उद्या टिनवाला माप घ्यायला येईल, असं ते म्हणाले.

"येऊ द्या," मी म्हटलं. मला माझाच शांत आवाज ऐकून नवल वाटलं. "गोदाम तिथंच बांधा मामाजी. तुमचे उंदीर आधीच येऊन राह्यले. इतके दिवस वांग्यावर दिवस काढले बिचाऱ्याईनं. आता तूर आली म्हणजे त्याईचे हाल संपतीन."

मामाजींचा घास हातातच राहिला. नवऱ्याने चक्क मान वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी काठी घेऊन मागे आले. मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ते बागेत पाऊल ठेवत होते. भिंतीच्या कडेकडेने बिळं पाहत गेले. एका बिळात त्यांनी काठी घातली, ती मुठीपर्यंत आत गेली. माल पारखायची त्यांची सवय जुनी आहे, जास्त बोलावं लागलं नाही. "जागा गोदामाच्या कामाची नाई," असा निर्णय देऊन ते परत गेले. टिनवाल्याला फोनवरच नको म्हणून सांगितलं.

चंपाषष्ठीला ओढण्यांमधली वांगी भाजली. प्रत्येकाच्या ताटात बोटाने चाटण्यापुरतं भरीत आलं. बाकीचं बाजारच्या वांग्यांचं केलं. अटीप्रमाणे पाहिलं तर मी सरळ हरले होते. मला जिंकून दिलं होतं उंदरांनी, ज्यांना मी दोन महिने शिव्या घातल्या. मामाजींनी आधी माझं चाटून संपवलं, मग बाजारचं खाल्लं.

त्यानंतर पिंजरा आमच्याकडे माळ्यावर गेला. भिंतीच्या भोकाजवळ मी रताळ्यांचा एक वाफा लावते. तो उंदरांचा. त्यांनी तिकडे खावं आणि माझ्या वांग्यांना फार छळू नये, असा आमचा अलिखित करार आहे. ते तो पाळत नाहीत, पण असतात तरी, आणि ते आहेत तोवर गोदाम नाही. दर हंगामाच्या तोंडावर मामाजी बागेत येतात, बिळं पाहतात, "लय झाले वो," म्हणतात आणि जाताना सांभार उपटून नेतात. जागेला मात्र अजूनही रिकामीच म्हणतात.

यंदा वेगळंच झालं. गल्लीतली एक मांजर आमच्या भिंतीवर राहायला आली, काही दिवसांनी पिलांसकट दिसली, आणि उंदीर संपले. रताळी जशीच्या तशी. बिळांच्या तोंडावर कोळ्यांनी जाळी धरली. माझ्या आयुष्यात वांगी इतकी सुंदर कधी आली नव्हती, आणि त्यांच्याकडे पाहून मला धडकी भरत होती. दुकान आता नवरा पाहतो. जेवताना तो म्हणाला, "बाबा, मांगं एकही उंदीर नाई राह्यला. टिनवाल्याले बोलावू काय?" आता त्याला पोळी कुस्करायची गरज उरलेली नाही.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. "पाहून सांगतो," म्हणाले.

सकाळी मी झाडांना पाणी घालत होते. मागच्या गल्लीत स्कूटर थांबली. भिंतीपलीकडे कोणीतरी कण्हत उकिडवं बसलं. गुडघे आता त्यांना साथ देत नाहीत. पिंजऱ्याचं दार वाजलं आणि भोकातून एक बारीकसा, गांगरलेला उंदीर माझ्या रताळ्यांत येऊन पडला. पलीकडून हलक्या आवाजात ऐकू आलं, "जा बाबा. सांभाळून राहा, मांजर हाय."

मी पाण्याचा मग हातात धरून तशीच उभी राहिले. मला रडू आलं, आणि उंदरासाठी रडणारी बाई म्हणून कोणी पाहू नये म्हणून मी खाली बसले.

रात्री नवऱ्याने पुन्हा विचारलं. मामाजी खोटं बोलत नाहीत, दुकानातही नाही. त्यांनी ताटातलं भरीत पोळीने नीट पुसून घेतलं.

"उंदीर हायेत," ते म्हणाले. "आज सकाळीच पाह्यला म्या, माह्या डोळ्यानं. अन् तिथं जागा कुठी हाय? सूनबाईची बाग हाय तिथं."

मग त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं आणि आणखी भरीत मागितलं.