दाखला जोडलेला नाही

ऑफिसात तिला सगळे पाकीटबाई म्हणत. नव्या माणसाला काम समजावताना ती हटकून सांगायची, "हे बघा, अर्ज म्हणजे पाकिटातली चिठ्ठी. डॉक्टरांचा दाखला तिला टाचायचा. मग दोन्ही मिळून मुख्य ऑफिसच्या सर्व्हरला जातं." कॉम्प्युटरवरून पाठवायच्या त्या जुन्या पद्धतीचं इंग्रजी नाव सोप. "नाव सोप, पण सोपं काही नाही," हा तिचा ठरलेला विनोद. अर्ज पाठवणारा प्रोग्रॅम अठरा वर्षांपूर्वी तिनेच लिहिला होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घरी नर्स मिळावी, म्हणून ते अर्ज असत.

गेलं वर्षभर खिडकीवर वादावादी वाढली होती. अर्ज परत यायचे, वर शेरा: दाखला जोडलेला नाही. लोक म्हणायचे, जोडला होता. बाई नोंद बघायची. तिकडून 'मिळाले' असं उत्तर आलेलं असायचं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना तर तिने स्वतः सांगितलं, "आजोबा, पान उलटं ठेवून स्कॅन केलं असणार तुम्ही." आजोबांनी उलट तिचीच माफी मागितली.

मग एका मंगळवारी खिडकीवरचा कारकून परत आलेला अर्ज घेऊन तिच्या टेबलाशी उभा राहिला. "बाई, हा दाखला मी माझ्या हाताने स्कॅन केलाय. आता बोला."

तिने मुख्य ऑफिसला फोन लावला. तिकडच्या माणसाने बघितलं. चिठ्ठी होती, टाचलेला कागद नव्हता. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी सुरक्षेसाठी मध्ये एक यंत्र बसवलं होतं. ते टाचलेली प्रत्येक फाइल काढून टाकायचं आणि नुसती चिठ्ठी पुढे सोडायचं. बाईचा प्रोग्रॅम चिठ्ठी पोचली का, एवढंच विचारायचा. कागदाचं विचारायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

तिकडच्या माणसाने यंत्राला दाखले सोडायला लावलं, आणि ती साहेबांकडे सांगायला गेली.

"आता नीट चालेल ना? मग झालं," साहेब म्हणाले. "मागचं उकरू नका."

"साहेब, दोनशे बारा घरांचे अर्ज असे परत गेलेत."

"मग पाठवा ते दाखले पुन्हा."

तीन महिन्यांआधीचे दाखले उरलेच नव्हते. डिस्क भरते म्हणून नव्वद दिवसांनी फाइली पुसणारा प्रोग्रॅमही तिनेच लिहिला होता. साहेबांनी हात वर केले.

ती यादी घेऊन फोन करायला बसली. कुणी शिव्या घातल्या, कुणाचे नंबर बंद होते. एका घरी वयस्कर बाईने फोन उचलला.

"ताई गेली माझी. सात महिने एकटीने उचलत होते तिला. पाठीचा खुळखुळा झालाय. आता कसला दाखला?"

"तुमचा कागद आमच्याकडूनच हरवला. चूक माझी होती."

त्या बाई म्हणाल्या, "मी तिला रोज बोलत होते हो. अर्ज तूच भरलास, तुझ्या धांदरटपणामुळे दाखला राहिला म्हणून." आणि फोन ठेवला.

एकतीस जणांनी पुन्हा अर्ज केले, त्यातले एकोणीस मंजूर झाले. बाईने दुसरं टेबल मागितलं. साहेबांनी ते दिलं नाही. तो प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाला कळत नव्हता. आता ती जेवायला सगळ्यांत बसत नाही. यादीतले उरलेले नंबर दुपारच्या सुट्टीत लावते, आणि पलीकडून कुणी "हॅलो" म्हटलं की आधी सांगते, "दाखला तुम्ही जोडला होता."