त्याच भोकातून भाऊ आल्ता का?

हे आत्ताच सांगावं लागतंय... समोर अपडेट चालूय, ते संपायच्या आत. मोबाईलवर टाईप करून राह्यलो, चुका समजून घ्या.

भूतबित मी मानत न्हाई. रस्त्यात उतारा दिसला तर त्यातलं लिंबू घरी नेऊन सरबत करणारा माणूस मी.

जाफराबादला स्टँडसमोर आमचं ऑनलाईन सेंटर आहे. आधी मोठा भाऊ, बंदूभाऊ चालवायचा. मागच्या वर्षी तो वारला. मी कॉम्प्युटर फॉरमॅट केला, हार्डडिस्कपण नवी टाकली. फक्त ब्राउझर आन मेलचं सॉफ्टवेअर जुन्याच व्हर्जनचं परत टाकलं — भाऊ म्हणायचा, नवं टाकलं की अंगठ्याचं मशीन चालत न्हाई.

आज दुपारी नसीमखाला आल्या. लेक सलीम सौदीला. "सलीम का कागज आया दिखता, जल्दी खोल बेटा."

सेंटरच्या मेलवर सलीमच्या नावानं मेल होता. क्लिक करणार, तेवढ्यात सगळं हँग.

"तेरे मशीन कू चाय पिला रे," खाला हसल्या.

परत चालू केलं तर ड्राफ्टमध्ये एक ओळ — "बोक्या, ते उघडू नको."

मला बोक्या फक्त भाऊ म्हणायचा. तेबी दोघंच असलो की.

सलीमला फोन लावला. "मैं तो कुछ भेज्याच नै," तो म्हणला.

मंग जालन्याच्या नितीनला लावला, तो कॉम्प्युटरवाला. तो खवळलाच. "येड्या, त्या जुन्या व्हर्जनमध्ये फॉल्ट आहे. असला मेल उघडला की मेमरी बिघडते आन बाहेरचा माणूस आत घुसतो. अर्ध्या गावाचे आधार तुझ्याकडं. अपडेट मार."

"आन ती ओळ?"

"जुनं काही पडलं असंल मेमरीत."

"हार्डडिस्क नवी आहे ना..."

"तू आधी अपडेट मार," म्हणून त्यानं फोनच ठेवला.

"मेरे कागजां सलामत है ना?" खालांनी जाताना विचारलं. मी हो म्हणलो आन अपडेट दाबलं. पण डोक्यात एकच... ज्या भोकातून चोर येतो, त्याच भोकातून भाऊ आल्ता का? मंग मी कोणाला बाहेर ठेवून राह्यलो?

ब्याण्णव टक्के. आत्ता मेलचं सॉफ्टवेअर आपोआप उघडलं. नवा ड्राफ्ट —

"बोक्या, अपडेट थांबव."

हा भाऊच आहे... का आत घुसलेल्या दुसऱ्यालापण माझं नाव कळलं?

रद्द करायचं बटण समोर आहे. तुमच्यासोबत असं कधी झालंय का? झालं असंल तर जल्दी सांगा, तुम्ही काय दाबलं?