कन्हानचं पाणी आणि माझं खोडरबर

नागपूरच्या धंतोलीत आता जिथे औषधांचं दुकान आहे, तिथे पूर्वी फ्रेमचं दुकान होतं. सात वर्षं मी तिथे काम केलं. चिपळूणजवळच्या गावात आठवीत शाळा सोडलेली मी लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी मौद्याला आले, आणि तिथून रोज बसने कन्हान नदी ओलांडून नागपूरला. दुकानाचे मालक, काका, पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले, "हात साफ आहे ना तुहा? मंग बस झालं."

हात साफ होता, तेच नडलं.

लोक बहुतेक गेलेल्या आईवडिलांचे फोटो आणायचे. फोटोभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, लावायच्या आधी कडेचे डाग मी मऊ खोडरबरने हळूच काढायचे. कुणी सांगितलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाला बरं वाटायचं.

एकदा एक निवृत्त ड्रॉइंगचे सर जुनं चित्र ठेवून गेले. नदीकाठ, होड्या, धुणं धुणाऱ्या बाया. अर्धं जलरंगात, अर्धं नुसतं पेन्सिलीत. त्या पेन्सिलीच्या भागात जागोजाग बारीक इंग्रजी गिचमीड होती. माझं इंग्रजी शाळेतल्या छापील अक्षरांपुरतंच, असलं जोडून लिहिलेलं वाचता येत नव्हतं. वाटलं, घरातल्या कुणी लेकराने गिरगटलंय. मी ते सगळं खोडलं. अगदी मन लावून.

दुसऱ्या दिवशी सर आले, चित्र हातात घेतलं आणि तिथल्या स्टुलावर बसले. "यावर शब्द होते," म्हणाले.

काकांना कळायला वेळ लागला नाही. "काहून खोडलं वं? इनाम पाहिजे होतं का तुले?"

नोकरी गेली, हे तर धरूनच चालले होते. पण सरांचा चेहरा बघवत नव्हता.

ते रागावले नाहीत, बोलत राहिले. चित्र काढणारा लंडनच्या एका वर्तमानपत्राचा माणूस. इंग्रजांच्या राणीच्या काळातला. फोटो छापायची सोय नव्हती, तेव्हा लढाई, पूर, राजघराण्यातली लग्नं, सगळीकडे यानेच जायचं आणि काढायचं. चित्र टपालाने लंडनला. तिथे कारागीर ते लाकडाच्या ठोकळ्यांवर कोरायचे, आणि पेपरात यायचं सगळं काळं-पांढरं. रंग तो स्वतःसाठी राखायचा. रंगवायला वेळ नसला की कुठे कोणता रंग, ते पेन्सिलीने लिहून ठेवायचा, घरी जाऊन भरायला. "हा कामठीजवळचा कन्हानचा काठ, भरायचा राहून गेला. माझ्या वडिलांनी तिथल्याच एका बंगल्याच्या लिलावात हे चित्र घेतलं होतं. मी ते शब्द वाचू वाचू म्हणत राहिलो, आणि मोतीबिंदू आला. गेल्या महिन्यात इथेच, धंतोलीत, ऑपरेशन झालं. म्हटलं, आता फ्रेम करू आणि रोज वाचू."

हे ऐकून मला रडूच यायला हवं होतं. पण मी कागद उचलून दारातल्या उन्हात तिरपा धरला. शिसं गेलं होतं, पण त्या चित्रकाराने दाबून लिहिलेलं. कागदावर वळणं उमटून राहिली होती.

"मला दिसतंय, सर. वाचता येत नाही, पण काढता येईल."

"काढ बेटा. नक्षी समजून काढ."

दुपारभर मी एकेक वळण कोऱ्या कागदावर काढत होते आणि सर वाचत होते. आकाश, राखाडी. वाळू, कच्च्या लोकरीसारखी. पाण्यावरचा शब्द मी तीनदा काढला, तेव्हा सर हसायला लागले. "फिका चहा! पाण्याचा रंग फिका चहा लिहिलाय यानं."

काका गल्ल्यावरून म्हणाले, "म्हणजे आपल्या टपरीवाल्याचा. तो बी कन्हानचंच पाणी देऊन राहिला."

मूळ चित्राला पुन्हा पेन्सिल लावायची नाही, असं सर म्हणाले. काकांनी माउंटला दोन खिडक्या कापल्या. वर त्याचं चित्र, खाली माझा कागद. जाताना सरांनी विचारलं, "हिला काढणार नाही ना?"

"काढून कुठं जाऊ? अक्षर पाहा तिचं," काका म्हणाले.

आता काका नाहीत, दुकान नाही. सरांच्या भिंतीवर ते दोन्ही कागद अजून असतील, असं मी धरून चालते. मी अजून मौद्यालाच आहे. पुलावरून जाताना बस हळू झाली की खाली बघते. फिका चहाच आहे. पावसाळ्यात तेवढं दूध जरा जास्त पडतं.